चाकांवरचे अर्थिंग

लखनौच्या चारबाग स्टेशनातून बाहेर पडून कानपूर रस्त्याने निघालात की थोड्याच वेळात आलमबाग लागते. तिथे आज मेट्रोचे स्टेशन आहे, बस स्थानक आहे, आणि उत्तर रेल्वेचा प्रवासी डब्यांचा कारखाना आहे. तिथून जवळच मानकनगरला रेल्वेची मानके ठरवणारी संस्था आहे, आरडीएसओ. १९५२ साली स्थापन झालेले रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र आणि १९३० पासूनचे मध्यवर्ती मानक कार्यालय एकत्र करून १९५७ मध्ये ती उभी राहिली. या टिपणात आपण चाकांवर चालणाऱ्या घराच्या अर्थिंगचा इतिहास पाहणार आहोत. छतावर सौर पॅनेल, आत बॅटरी आणि इन्व्हर्टर असलेली कॅराव्हॅन तुम्हाला नवी वस्तू वाटेल. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, म्हणजे आपल्याकडे तशी ती नवीच आहे. पण तिचा मूळ प्रश्न जुना आहे, आणि त्याची काही उत्तरे याच कानपूर रस्त्याच्या आसपास सापडतात.

प्रश्न असा: जी वस्तू रबरी टायरवर उभी आहे, तिचे अर्थिंग करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

दरवर्षी मी वर्गात हा प्रश्न विचारते. निम्म्याहून जास्त हात वर होतात आणि उत्तर येते, ‘मॅडम, गाडी उभी केली की शेजारी सळई ठोकायची.’ हे उत्तर देणाऱ्यांना मी हसत नाही. एकदा मी स्वतः तसेच केले होते, आणि केवळ नशिबाने कुणाला काही झाले नाही. ती गोष्ट पुढे सांगते. आधी हे उत्तर इतके सहज का सुचते ते पाहू.

त्याचे मूळ तारायंत्रात आहे. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल हा शास्त्रज्ञ तारेच्या निरोपासाठी रेल्वेचे रूळच वाहक म्हणून वापरता येतील का ते पाहत होता. रुळातून जाणारा प्रवाह जमिनीतच पसरतो असे त्याला आढळले. दुसरा कुणी प्रयोग फसला म्हणून थांबला असता. याने उलटा विचार केला: जमीन प्रवाह नेत असेल तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना धातूचा पत्रा पुरायचा आणि जमिनीलाच दुसरी तार मानायची. निम्मी तार वाचली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसीने आपल्या प्रयोगात हुगळीच्या पाण्याला परतीची वाट केले. त्याच्याच देखरेखीखाली कलकत्ता ते आग्रा तार उभी राहिली आणि १८५४ च्या मार्चमध्ये तिच्यावरून पहिला निरोप गेला.

मग लखनौ. मार्च १८५८ मध्ये बेगम हजरत महलच्या सैन्याकडून शहर घेण्यासाठी कॉलिन कॅम्पबेल चाल करून आला, तेव्हा बंगाल इंजिनिअर्सचा पॅट्रिक स्टुअर्ट त्याच्या फौजेमागोमाग तार ओढत आलमबागपर्यंत आणि तिथून पुढे दिलखुशापर्यंत पोहोचला. ज्या तारेने हे शहर पडायला मदत केली तिचे कौतुक करण्याची मला हौस नाही. पण विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्या दृश्याकडे क्षणभर पाहावे. तळ हलेल तशी हलणारी तार, तिची बॅटरी, आणि प्रत्येक मुक्कामी जमिनीशी नवा सांधा. जमीन हीच परतीची तार असेल तर सळई नीट पुरली नाही की निरोप जाणार नाही, इतका तो सांधा महत्त्वाचा.

म्हणजे ‘अर्थ’ हा शब्द आपल्या क्षेत्रात आला तो परतीची वाट या अर्थाने. सुरक्षिततेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तारायंत्राचा प्रवाह काही मिलिअँपिअरचा. वाटेत काही ओम जास्त असले तरी निरोप जात असे. जमीन वाहक म्हणून कितपत चांगली, हा प्रश्न तिथे फारसा बोचला नाही.

तो बोचला घरात वीज आल्यावर. रोहित्रातले इन्सुलेशन फुटून दोन हजार व्होल्टची बाजू घरच्या वायरिंगला टेकली तर घरातला दिव्याचा खटकासुद्धा माणूस मारतो. यावर उपाय म्हणून रोहित्राची घराकडची एक तार मुद्दाम जमिनीला जोडावी, असे एक मत होते. मुद्दाम जोडणे म्हणजे अर्धा दोष आपणच करून ठेवणे, असे विरुद्ध मत. अमेरिकेत हा वाद बराच काळ चालला आणि १९१३ च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १५० व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यासाठी तो जोडण्याच्या बाजूने संपवला. आपल्याकडे १९५६ चे भारतीय विद्युत नियम आले, आणि अर्थिंगचे मानक आयएस ३०४३ हे १९६६ मध्ये. पुढे १९८७ आणि २०१८ मध्ये ते सुधारले गेले. त्या मानकातले सळईच्या रोधाचे सूत्र तुम्ही पाठ केले असेल. ते एकदा वापरूनही पाहा.

लखनौची माती गोमतीच्या गाळाची. ओली असेल तर तिची रोधकता २० ओम-मीटर धरू. तीन मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाडीची सळई तिच्यात उभी ठोकली तर रोध येतो सुमारे ७ ओम. तीच सळई दख्खनच्या कोरड्या खडकात, १००० ओम-मीटरच्या जमिनीत, ठोकता आलीच, तर सुमारे ३५० ओम. आपल्याकडचे जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ का भरत आणि उन्हाळ्यात त्यात पाणी का ओतत, हे या आकड्यांवरून कळते. आता गाडीवाल्याची सळई घ्या. प्रवासात तीन मीटरची सळई कोण बरोबर नेणार? तो अर्ध्या मीटरची खुंटी ठोकतो. लखनौच्या चांगल्या मातीतही तिचा रोध ३१ ओमच्या आसपास येतो. २३० भागिले ३१, म्हणजे साधारण साडेसात अँपिअर. फेजची तार सुटून गाडीच्या पत्र्याला चिकटली तर जमिनीतून जास्तीत जास्त एवढाच प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला दोष समजणारच नाही, नेहमीचा भार समजेल. तो पडणार नाही, आणि पत्रा दोनशेहून अधिक व्होल्टवर तसाच राहील.

घरात हे होत नाही, कारण घराच्या सुरक्षेचा खरा भार आपल्या अंगणातल्या खड्ड्यावर नसतो. तो असतो पत्र्यापासून पुरवठ्याच्या न्यूट्रलपर्यंत जाणाऱ्या धातूच्या अखंड वाटेवर. ती वाट अर्ध्या ओमची असेल तर दोषाचा प्रवाह ४६० अँपिअर होतो आणि एमसीबी तत्क्षणी पडतो. प्रवाहाला जमिनीची ओढ नसते. ज्या स्रोतातून तो निघाला त्याच स्रोताकडे त्याला परत जायचे असते. जमीन ही वाटेत मिळालेली एक वाट, तीही खराब.

आता रेल्वेच्या डब्याकडे वळू. माझ्या मते कॅराव्हॅनचा खरा पूर्वज तो आहे, मोटार नव्हे.

गाडीच्या डब्यात विजेचे दिवे आले १८९० च्या दशकात. इंग्लंडच्या जे. स्टोन कंपनीची पद्धत तेव्हा गाजली: डब्याखाली एक डायनॅमो टांगलेला, आसाच्या पट्ट्याने तो फिरतो, गाडी थांबली की दिवे बॅटरीवर. गाडी जोरात धावू लागली तर व्होल्टेज वाढून दिवे जळतील, म्हणून डायनॅमो असा सैल टांगलेला असे की ठरावीक ओढीपलीकडे पट्टा घसरायचा. आज सौर चार्ज कंट्रोलर जे काम करतो ते तेव्हा चामड्याच्या घसरणाऱ्या पट्ट्याने केले. मला हा भाग शिकवायला फार आवडतो. भारतात जोधपूर रेल्वेने १९०२ मध्ये विजेचे दिवे डब्यांत कायमचे बसवले.

सुरुवातीला डब्यात २४ व्होल्ट असत. एक किलोवॅटच्या भाराला २४ व्होल्टवर जवळजवळ ४२ अँपिअर लागतात, ११० व्होल्टवर ९. पंखे वाढले, दिवे वाढले, तसे डबे ११० व्होल्टवर आले. बिगर-वातानुकूलित डब्यात साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर आणि १२० अँपिअर-तासाची बॅटरी; स्वतःची वीज स्वतः बनवणाऱ्या वातानुकूलित डब्यात २५ किलोवॅटचे दोन अल्टरनेटर, ११०० अँपिअर-तासाची बॅटरी आणि एसीसाठी इन्व्हर्टर. बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर, धातूचे अंग आणि आत झोपलेली माणसे. कॅराव्हॅनमध्ये याहून वेगळे काय असते?

या डब्याचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर असते, म्हणजे त्याला जन्मजात अर्थिंग आहे. तरीही ११० व्होल्टची एकही तार डब्याच्या अंगाला जोडायची नाही, हा नियम आहे. पॉझिटिव्हही नाही, निगेटिव्हही नाही. दोन्ही अधांतरी. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. पण एखादी तार घासून पत्र्याला टेकली तर काय होईल ते पाहा. अधांतरी व्यवस्थेत काहीच होत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाट नाही. दिवे चालू, पंखे चालू, गाडी वेळेवर. हाच तिचा फायदा आणि हाच धोका. पहिला दोष मुका असतो. कुणाला न कळता तो तसाच राहिला आणि आठवड्याने दुसरी तार दुसरीकडे टेकली, की ११०० अँपिअर-तासाची बॅटरी डब्याच्या पत्र्यातून शॉर्ट होते, आणि मग आग.

म्हणून पहिला दोष शोधत राहणे हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे. ट्रेन लाइटिंगच्या माणसांचे त्यासाठीचे साधन मी पहिल्यांदा एका निवृत्त फिटरकडून पाहिले. ११० व्होल्टचे दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमध्ये टाकायचे, आणि त्यांच्या मधला बिंदू डब्याच्या लोखंडाला लावायचा. दोन्ही दिवे सारखेच मंद जळले तर वायरिंग निरोगी. पॉझिटिव्ह कुठे टेकली असेल तर तिच्या बाजूचा दिवा विझतो आणि दुसरा झगझगीत पेटतो. निगेटिव्ह टेकली असेल तर उलट. मीटर नको, वाचता येणेही नको. ‘बत्ती खुद बता देती है,’ असे ते म्हणाले होते.

डब्याच्या अंगातून दिव्यांचा प्रवाह न नेण्याला आणखी एक कारण आहे. विजेच्या गाडीचा परतीचा प्रवाह रुळातून जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशाने २५ हजार व्होल्ट एसी निवडले. दोन्हीकडे रूळ हीच परतीची तार. श्टाइनहाइलला जे हवे होते ते शेवटी असे झाले. हा प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर रोलरवर बारीक खड्डे पडतात, म्हणून इंजिनात आसावर ब्रश बसवून त्याला वेगळी वाट देतात.

१४ जुलै २०१७ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्टेशनात छतावर सौर पॅनेल बसवलेली डेमू गाडी सुरू झाली. डबे चेन्नईच्या आयसीएफचे, एका डब्यावर साधारण साडेचार किलोवॅटची पॅनेल. म्हणजे सौर कॅराव्हॅनची सगळी अंगे आपल्या रेल्वेने आपल्या डोळ्यांसमोर जोडून दाखवली आहेत.

मोटारीने मात्र दुसरी वाट धरली. सहा किंवा बारा व्होल्टने शॉक बसत नाही, तेव्हा एक तार वाचवा आणि चासीलाच परतीची तार करा. मोटारवाले यालाच ‘अर्थ’ म्हणतात, जमिनीशी त्याचा काही संबंध नसला तरी. कोणते टोक चासीला जोडायचे यावरही एकमत नव्हते. ब्रिटिश मोटारी १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह चासीला जोडत, त्याने गंज कमी लागतो अशा समजुतीने. मग सगळे निगेटिव्हवर आले. हा इतिहास आज निरुपयोगी नाही. बाजारातले कितीतरी स्वस्त सौर कंट्रोलर आतून पॉझिटिव्ह सामाईक ठेवतात आणि निगेटिव्हच्या बाजूला स्विचिंग करतात. पॅनेलची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह दोन्ही जर कुणी सवयीने चासीला जोडल्या, तर कंट्रोलर ओलांडून प्रवाह थेट जातो आणि बॅटरी उकळेपर्यंत चार्ज होत राहते. कंट्रोलर जळलेला नसतो, बिघडलेलाही नसतो, त्याला कामच उरलेले नसते.

कॅराव्हॅनमध्ये हे तिन्ही ‘अर्थ’ एका पत्र्यावर येऊन भेटतात: चासीचा, पुरवठ्याच्या न्यूट्रलचा आणि खालच्या मातीचा. इथेच माझी गोष्ट सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांबरोबर एका जुन्या मिनीबसमध्ये फिरती सौर प्रयोगशाळा बनवली. छतावर पॅनेल, आत बॅटरी, इन्व्हर्टर, आणि ऊन नसेल तेव्हा इमारतीतून तार ओढून चार्ज करण्याची सोय. पावसाळ्यात एका मुलीने ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची कडी धरली आणि हात झटकला. मुंग्या आल्यासारखे झाले म्हणाली. मी चाचणी पेन लावला, तो पेटला. ज्याच्याकडून इन्व्हर्टर घेतला होता तो म्हणाला, सळई ठोका. आम्ही खुंटी ठोकली, तार जोडली, आणि मुंग्या गेल्या. मी वहीत लिहिले, दोष दूर केला.

दोष दूर झाला नव्हता. पंधरा दिवसांनी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सहज विचारले, ‘मॅडम, खुंटी नव्हती तेव्हा मीटर ११५ का दाखवत होता? २३० का नाही?’ ११५ म्हणजे बरोबर निम्मे. चार्जरच्या आत फेज ते अंग आणि न्यूट्रल ते अंग असे दोन लहान फिल्टर कपॅसिटर असतात. अंगाला दुसरीकडे कुठे जोड नसेल तर ते त्या दोघांच्या मध्ये, निम्म्या व्होल्टवर तरंगते. म्हणजे आमच्या चार्जरचे अंग कुठेच जोडलेले नव्हते. आम्ही भिंतीतले सॉकेट उघडले. तिसऱ्या पिनेची तार आत तुटून लोंबत होती. खुंटीने एक मिलिअँपिअरची गळती ओढून घेतली, म्हणून लक्षण गेले. त्याच पंधरा दिवसांत चार्जरची फेज खरोखर पत्र्याला टेकली असती तर वरचे साडेसात अँपिअर वाहत राहिले असते, एमसीबी पडला नसता, आणि दाराच्या कडीवर मुंग्या आल्या नसत्या, हात चिकटला असता. त्या सॉकेटला आरसीडी नव्हता. ठोकलेल्या खुंटीने आम्हाला मिळालेली एकुलती एक सूचना बंद केली होती.

लखनौच्या गल्ल्यांत रात्री रांगेने चार्जिंगला लावलेल्या ई-रिक्षा पाहिल्या की मला ते सॉकेट आठवते. त्यांच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची मला भीती वाटत नाही; दोन पिनांच्या प्लगमधून येणाऱ्या २३० ची वाटते.

आरसीडीचा उगम खाणींतला आहे. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी आंरी रुबिनने असे यंत्र केले, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स डालझीलने माणसाचा जीव वाचवेल इतके संवेदनशील यंत्र तयार केले. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ते तोलते. आपल्याकडे साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडते. पण त्यालाही दोषाच्या प्रवाहासाठी परतीची वाट लागते. गाडी इमारतीच्या तारेवरून सुटून स्वतःच्या इन्व्हर्टरवर आली की रोहित्राचा न्यूट्रल तिच्यापासून तुटतो. इन्व्हर्टरची दोन्ही टोके अधांतरी असतील तर आपण पुन्हा रेल्वेच्या डब्यात येऊन बसतो: पहिला दोष मुका, आरसीडी नुसता बसलेला. मातीत ठोकलेली खुंटी इथे मंडलात येतच नाही, कारण इन्व्हर्टरला मातीशी देणेघेणे नाही.

यातून दोन वाटा निघतात. एक डब्याची: दोन्ही टोके अधांतरी ठेवा आणि पहिला दोष दाखवणारे साधन कायम चालू ठेवा. दुसरी घराची: इन्व्हर्टरचा न्यूट्रल गाडीच्या अंगाला एकाच ठिकाणी जोडा आणि त्यापुढे आरसीडी लावा. दुसरी धरलीत तर बाहेरची तार लावताच हा जोड आपोआप तुटला पाहिजे, कारण बाहेरच्या पुरवठ्याचा जोड त्याच्या उगमापाशी आधीच आहे. दोन जोड एकदम राहिले तर रोजचा न्यूट्रलचा प्रवाह पत्र्यातूनही वाहू लागतो, आणि बाहेरची न्यूट्रल तुटली व संरक्षक तारही धड नसली तर सगळा पत्राच फेजवर येतो. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी रिले असतो. नसेल तर बदल-स्विच असा निवडा की तो फेजबरोबर न्यूट्रलही बदलेल. आयईसीच्या मानकमालेत कॅराव्हॅनसाठी ६०३६४ चा ७२१ क्रमांकाचा भाग आहे आणि फिरत्या युनिटांसाठी ७१७. प्रकल्प करणार असाल तर दोन्ही वाचा.

आम्ही दुसरी वाट धरली. सॉकेट दुरुस्त केले, त्यावर आरसीडी बसवला, इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचा जोड रिलेमधून केला, आणि पॅनेलच्या चौकटी जाड तारेने अंगाला बांधल्या. मग १५ वॅटचा दिवा फेज आणि पत्रा यांच्यामध्ये लावून पाहिला. २३० व्होल्टवर तो ६५ मिलिअँपिअर घेतो. बाहेरच्या तारेवर आरसीडी पडला. इन्व्हर्टरवर पहिल्यांदा पडला नाही. दिवाही पेटला नाही. रिलेच्या कॉइलची तार उलट संपर्कावर गेली होती. ती बदलल्यावर पडला. बॅटरीच्या ४८ व्होल्टच्या बाजूला मात्र आम्ही डब्याचीच रीत ठेवली: दोन्ही टोके अधांतरी, आणि दाराशेजारच्या फळीवर दोन सारखे दिवे, मधली तार पत्र्याला. सकाळी गाडी काढण्याआधी ते पाहायचे काम पहिल्या वर्षाच्या मुलांकडे आहे.